रेवदंड्याच्या खाडीपलीकडची भाषा

(गेल्या महिन्यात एकादशीच्या भजनानंतर मंदिराच्या सभागृहात एका निवृत्त डॉक्टर सभासदांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्यांच्याच इच्छेवरून नाव छापलेले नाही. रुग्णभेट उपक्रमाचे आवाहन शेवटी दिले आहे.)



डॉक्टरला बोलायला उभं केलं की तो साखर आणि रक्तदाब यांवरच बोलणार, अशी सगळ्यांची खात्री असते. समोरच्या ताटातल्या साबुदाणा वड्यांकडे पाहून मलाही तो मोह होतोय. पण ते भाषण तुम्ही माझ्याकडून दोनदा ऐकलंत आणि दोन्ही वेळा नंतर वडे संपवलेत. म्हणून आज आजाराबद्दल न बोलता एका गावाबद्दल बोलणार आहे. गाव लहान आहे, आपल्या रायगड जिल्ह्यात आहे, आणि त्याचा आपल्या बहरैनशी थोडा संबंधही आहे. शेवटी आजाराकडे येईनच. चाळीस वर्षांची सवय एका संध्याकाळी जात नाही.

सुरुवात इथूनच करू. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना कलात अल बहरैन दाखवायला नेतो. मनामाच्या पश्चिमेला, समुद्राकाठचा तो किल्ला. संध्याकाळी तिथे वारा छान असतो, फोटो चांगले येतात. २००५ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याच्या पोटात चार हजार वर्षांपूर्वीच्या दिल्मुन संस्कृतीपासूनचे थर आहेत. पण इथले जुने लोक अजूनही त्याला पोर्तुगीजांचा किल्ला म्हणतात, कारण १५२१ साली अंतोनियो कोरैया नावाच्या पोर्तुगीज सरदाराने होर्मुझच्या फौजेच्या साथीने हे बेट जिंकलं. पुढे सुमारे ऐंशी वर्षं त्यांचा अंमल राहिला आणि १६०२ मध्ये तो संपला.

आता गंमत बघा. त्याच १५२१ साली, त्याच पोर्तुगीज गव्हर्नरच्या कारकिर्दीत, अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी आपल्या चौलजवळ, रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला. एकाच वर्षी, एकाच समुद्राच्या दोन काठांवर, एकाच राजाची माणसं उतरली. बहरैनमध्ये ती ऐंशी वर्षं राहिली आणि मागे भिंती ठेवून गेली. रेवदंड्याला दोनशे एकोणीस वर्षं राहिली आणि भिंतींबरोबर एक भाषा ठेवून गेली. ती भाषा आजही बोलली जाते. एका गावात, हजाराच्या आतबाहेर माणसं बोलतात. त्या गावाचं नाव कोर्लई.

खाडीचं तोंड

ज्यांनी अलिबागहून मुरूडला एसटीने प्रवास केला असेल त्यांना हा भाग डोळ्यांसमोर येईल. अलिबाग सोडलं की नागाव, चौल, मग रेवदंडा. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या. रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिथे पूल लागतो, आणि पूल ओलांडून साळावहून उजवीकडे वळलं की खाडीच्या पलीकडच्या काठावर समुद्रात घुसलेली एक लांब, चिंचोळी डोंगराची सोंड दिसते. तिच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला, खाली दीपगृह आणि पायथ्याशी गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. कोळीवाडा आहे, भातशेती आहे, आणि माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च आहे.

या खाडीच्या तोंडाने जग पाहिलंय. चौलचं नाव ग्रीक लोकांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या नोंदींत सापडतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादचा प्रवासी अल मसूदी तिथे आला होता. तो चौलला सैमूर म्हणतो. ओमान, बसरा, बगदाद आणि सिराफ इथून येऊन तिथे स्थायिक झालेल्या हजारो मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती त्याने पाहिली. म्हणजे आज आपण जसे इथे पोटापाण्यासाठी आलो आहोत, तसे त्या काळी इथल्या आखातातले लोक आपल्या अष्टागरात पोटापाण्यासाठी येऊन राहिले होते! हे आठवलं की इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहताना मला जरा बरं वाटतं.

नंतर रशियाचा अफनासी निकितीन आला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी त्याने चौलच्या किनाऱ्यावर पाय ठेवला. १५०८ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं आणि पहिल्या व्हाइसरॉयचा तरुण मुलगा तिथे मारला गेला. रेवदंड्याला बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. एका नदीच्या मुखाशी इतकी माणसं, इतके देव आणि इतक्या भाषा एकत्र नांदल्या.

खाडीच्या दक्षिणेचा तो डोंगर मोक्याचा. तिथून तोफ डागली तर रेवदंड्यात शिरणारं जहाज वाचत नाही. म्हणून निजामशहाने तिथे किल्ला बांधायला घेतला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो हल्ला करून घेतला. त्या लढाईत मेलेला एक हत्ती दरवाज्यात असा आडवा पडला की आतल्यांना दरवाजा लावताच आला नाही, असं सांगतात. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं तो किल्ला पोर्तुगीजांकडे राहिला.

साहेब गेले, माणसं राहिली

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे आपण शाळेत शिकलो. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. इतिहासाच्या पुस्तकात इथे धडा संपतो. मला कुतूहल आहे ते धड्यानंतरचं.

अधिकारी गेले, शिपाई गेले. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती ते ख्रिस्ती लोक गोव्याला गेले. मागे राहिले ते गरीब. किल्ल्यात राबणारे, शेत कसणारे, पिढ्यापिढ्या तिथेच जन्मलेले. त्यांच्या आज्या-पणज्या याच मातीतल्या. पोर्तुगालशी त्यांचा संबंध धर्माचा आणि जिभेचा. त्यांना गोव्यात कोण विचारणार? ते किल्ल्याखाली वस्ती करून राहिले आणि भात पिकवू लागले.

आता तुम्ही सांगा, अशा मूठभर लोकांची भाषा किती दिवस टिकायला हवी होती? राज्य मराठ्यांचं, मग आंग्र्यांचं आणि इंग्रजांचं. बाजार मराठीत, कोर्ट-कचेरी मराठीत, शेजारी कोळी आणि आगरी मराठी बोलणारे. कोर्लईच्या त्या बोलीला लिपी नव्हती, शाळा नव्हती, पुस्तकं नव्हती. दोन पिढ्यांत ती जायला हवी होती. ती जवळजवळ तीनशे वर्षं टिकली.

बाहेरचे लोक त्या बोलीला क्रिस्ती म्हणतात. गावातली माणसं तिला 'आपली भाषा' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. मला हे फार आवडतं. जिचं नाव फक्त 'आपली' आहे तिला जाहिरातीची गरज नसते.

क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९९६ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. त्या बोलीतले बहुतेक शब्द पोर्तुगीज मुळाचे आहेत, पण वाक्याची चाल मराठीची झाली आहे. पोर्तुगीज माणूस म्हणेल, मी खातो भात. कोर्लईकर आपल्यासारखं क्रियापद शेवटी टाकतो. शब्द लिस्बनचे, वाक्य अलिबागचं! म्हणजे ही शेजारधर्माने वाढलेली भाषा आहे. आईबाप वेगळे असले तरी खेळली ती आपल्याच अंगणात.

आणि आपण काही कमी घेतलं नाही. पाव, बटाटा, चावी, बादली, साबण, पगार, तुरुंग, लिलाव, घमेलं, पिंप, काजू, अननस, नाताळ, आणि ज्याच्यासाठी आपण मे महिन्यात विमानाचं जास्तीचं सामान भरतो तो हापूस. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्यातल्या पगाराशिवाय इथल्या एकाही माणसाचं चालत नाही. बहरैनी शेजारी पंख्याला बंका म्हणतो, बटाट्याला आलू, सरळ जा म्हणायला सीदा. ते आपल्याकडून गेलं. समुद्राकाठच्या माणसांची जीभ अशी देवघेवीची असते.

टिकली कशी?

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. पण एखादा नव्वद वर्षांचा माणूस ठणठणीत दिसला की डॉक्टर विचारतो, काका, तुम्ही खाता काय? तसंच मी या भाषेच्या बाबतीत विचारलं. अभ्यासकांनी जे लिहिलंय आणि मी स्वतः जे पाहिलंय त्यावरून मला तीन कारणं दिसतात.

पहिलं म्हणजे जमण्याची जागा. चर्च. तिथे पोर्तुगीज जाणणारे पाद्री विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येत राहिले. रविवारी सगळं गाव एका छपराखाली यायचं. नंतर प्रार्थना मराठीत सुरू झाली, पण जमणं राहिलं.

दुसरं कारण गोड नाही, तेही सांगितलं पाहिजे. हे लोक एकटे पडले होते. धर्म वेगळा म्हणून हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांत लग्नं नाहीत. गरिबी आणि जात यांमुळे दुसरीकडचे ख्रिस्ती त्यांना जवळ करत नसत. खाडी ओलांडायला होडी. तेव्हा लग्न गावात, सुख-दुःख गावात. जे एकटेपण त्यांनी मागितलं नव्हतं, त्यानेच त्यांची बोली राखली. एकटेपणाचं कौतुक मी करणार नाही. कोणाही माणसाला भाषा टिकवण्यासाठी वाळीत राहायला सांगणं हा अन्याय आहे.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. घरातल्या बायका. चुलीपाशी, पाळण्यापाशी, भात लावताना ही भाषा बोलली गेली. बहरैनच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी शिबंदी ठेवली, तोफा ठेवल्या. रेवदंडा आणि कोर्लईत संसार झाले. तोफा गंजतात. संसारातली भाषा आई लेकीला देते आणि लेक तिच्या लेकीला.

हे सगळीकडे जमलं असं नाही. वसई, साष्टी आणि मुंबईकडच्या ख्रिस्ती लोकांतही अशीच एक पोर्तुगीज बोली होती. गोव्याचे विद्वान पाद्री सेबास्तियाव रोदोल्फु दालगादो यांनी १९०६ साली तिच्यावर लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ती माहीत. आज ती तिथे बोलली जात नाही. आणि केरळात कोचीसमोर वायपीन बेटावर विल्यम रोझारियो नावाचे गृहस्थ होते. कोचीची पोर्तुगीज बोली अस्खलित बोलणारे ते शेवटचे. २० ऑगस्ट २०१० रोजी ते वारले आणि त्यांच्याबरोबर ती भाषा गेली. शेवटी-शेवटी त्यांनी ती कोणाशी बोलावी? मी याचा बरेचदा विचार करतो. मनातलं सगळं आहे, तोंडात शब्द आहेत, आणि समोर समजणारं कोणी नाही.

माझी चूक

आता आजाराकडे येतो, सांगितलं होतं तसं.

१९८२ साली मी एमबीबीएस होऊन इंटर्नशिपच्या ग्रामीण भागासाठी अलिबाग तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात होतो. खाडीवरचा पूल तेव्हा झाला नव्हता. पावसाळा संपत आला होता. एका सकाळी पलीकडून होडीने एका म्हातारीला आणलं. उजवी बाजू लुळी पडलेली. सोबत तिची लेक आणि एक कोळी नाखवा, ज्याने होडी वल्हवली होती.

मी तरुण, पुस्तकं ताजी. पक्षाघात हे कळायला वेळ लागला नाही. मी मराठीत विचारलं, आजी, नाव काय तुमचं? गाव कुठलं? हात उचलता येतो का? ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडातून काही शब्द आले, मला ते अर्थहीन वाटले. मी केसपेपरवर लिहिलं, बोलणे असंबद्ध, आज्ञा समजत नाहीत. आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो.

तिची लेक जागची हलली नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, आई बरोबर बोलतेय. पाणी मागतेय. आणि खळ्यातलं भात आत घेतलं का ते विचारतेय. तुम्हाला कळत नाही, तिला सगळं कळतंय."

मी खाली मान घातली. लेकीला तिच्या भाषेत विचारायला सांगितलं, आणि म्हातारीने डावा हात उचलला. डोळे मिटले. जीभ बाहेर काढून दाखवली. सांगितलेलं सगळं केलं. आयुष्यभर ती बाजारात मराठी बोलली होती. आघातानंतर मराठी बाजूला पडली आणि पाळण्यातली भाषा उरली.

पुढे मी वाचलं की हे होतं. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाला पक्षाघात झाला तर बहुतेक वेळा सगळ्या भाषा सारख्याच अधू होतात, पण काही रुग्णांत एक भाषा आधी परत येते, दुसरी मागे राहते. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला तर पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी पुसट होते आणि लहानपणची शेवटपर्यंत सोबत करते. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, तो अज्ञानाचा भाग झाला. पण रुग्णाचं बोलणं मला समजलं नाही म्हणून ते निरर्थक आहे असं मी लिहिलं, तो उद्धटपणा होता. तो कागद मी फाडून नवा लिहिला. नाखव्याने मला चहा आणून दिला. तो कोळी, ती ख्रिस्ती, तिची भाषा त्यालाही येत नव्हती. पण पहाटे होडी काढताना त्याने ते बघितलं नव्हतं.

म्हातारी दोन वर्षं जगली असं नंतर कळलं. एकदा लेक भेटली तेव्हा म्हणाली, आई शेवटपर्यंत घरात सगळ्यांवर ओरडत होती. याहून चांगला वैद्यकीय अहवाल मी ऐकलेला नाही.

आपली कोर्लई

मी १९९० साली बहरैनला आलो. तेव्हापासून हे बेट माझं घर आहे. आपणही इथे एक लहानशी वस्तीच आहोत. आपल्या आधीही लोक आले. मनामाच्या बाजारातलं श्रीनाथजींचं मंदिर १८१७ चं. ते बांधणारे ठट्टाई व्यापारी सिंधमधल्या ठट्ट्याचे, म्हणजे सिंधू नदीच्या मुखाकडचे. तीही एक मूठभर जमात. दोनशे वर्षांत इथे सगळं बदललं, तरी त्यांच्या देवाची आरती चुकली नाही.

आपल्या बाबतीत काय होईल? परवा माझ्या सात वर्षांच्या नातीला मी विचारलं, "काय गं, जेवलीस का?" ती म्हणाली, "हो आजोबा, आय जेवलेड." तिची आई लाजली. मी म्हटलं, अगं लाजू नकोस, कोर्लईकरांनी हेच केलंय, फक्त उलट बाजूने! हसण्यावारी नेलं, पण रात्री झोप लागेना. उद्या मी आडवा पडलो, इंग्रजी आणि अरबी पुसली गेली, आणि फक्त माझ्या आजीची आगरी वळणाची मराठी उरली, तर माझ्या उशाशी बसून ती कोणाला कळेल?

ही भीती माझी एकट्याची नाही, आणि आपल्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपेक्षा दुसऱ्या कोणाला ती जास्त आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या एका रुग्णालयातून ओळखीच्या नर्सचा फोन आला. रत्नागिरीकडचा एक सुतार, वय पन्नाशीचं, पक्षाघात होऊन बारा दिवस झाले होते. वीस वर्षं लेबर कॅम्पात राहून तो हिंदी आणि कामापुरती अरबी बोलत होता. आता कशालाच उत्तर देत नाही, जेवण तोंडातून बाहेर काढतो, असं तिने सांगितलं. ती मुलगी केरळची, मनापासून काम करणारी. तिला वाटलं, मराठी माणूस येऊन बघावा.

मी गेलो. खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "भाऊ, कुठलं गाव तुमचं?"

तो माझ्याकडे वळला. बराच वेळ ओठ हलत राहिले. मग गावाचं नाव आलं, तुटक, पण स्पष्ट. मग म्हणाला, "भात." त्याला बारा दिवस चपाती आणि सूप मिळत होतं. उजव्या बाजूने गिळता येत नव्हतं आणि हे तो कोणाला सांगू शकत नव्हता. आम्ही मऊ भात आणि ताक दिलं, डावीकडून, थोडं-थोडं. तो जेवला. जेवता-जेवता रडला. मीही.

या मंदिराच्या निधीतून आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या मदतीने त्याला घरी पाठवलं. स्ट्रेचरवरच्या रुग्णासाठी विमानातल्या कितीतरी जागा धराव्या लागतात, सोबत वैद्यकीय माणूस लागतो, हा खर्च काय असतो हे आपल्या खजिनदारांना विचारा. तुम्ही तो उचललात. त्याची बायको मुंबईला विमानतळावर आली होती.

पण मंडळी, पैशाच्या आधी त्याला काय मिळालं? एक वाक्य. कुठलं गाव तुमचं. ते द्यायला एमबीबीएस लागत नाही.

कोर्लईवर आता बदल येतोय. १९८०च्या दशकात पूल झाला, एसटी आली, कारखाना आला, मुलं मराठी आणि इंग्रजी शाळेत जाऊ लागली, तरुण मुंबईला आणि तुमच्या-माझ्यासारखे आखातात नोकरीला आले. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. १९८२ च्या त्या सकाळी पूल असता तर म्हातारी दोन तास आधी पोचली असती. माणसाचा जीव भाषेपेक्षा मोठा आहे. पण पूल आला म्हणून घरात बोलणं थांबवायलाच हवं असंही नाही. या किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली लोकांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. हिब्रू देशात मराठी! त्यांना कोणी सक्ती केली होती का?

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे, कोर्लईच्या तीन कारणांसारखंच. जमण्याची जागा आपल्याकडे आहे, ती रिकामी ठेवू नका. शुक्रवारच्या मराठी वर्गाला मुलांना पाठवा, आणि घरात रोज जेवताना तरी मराठीत बोला. मुलं चुकतील, चुकू द्या. चुकीची मराठी बोलणारं मूल हे गप्प बसणाऱ्या मुलापेक्षा हजार पटीने बरं. आयांवरच सगळा भार टाकू नका. बाप लोकांनीही फोन खाली ठेवावा.

आणि एकटेपण? कोर्लईची बोली एकटेपणाने राखली, पण आपण आपल्या माणसांना एकटं ठेवू नये. या बेटावरच्या रुग्णालयांत आज रात्रीही कोणीतरी पडलेला असेल, ज्याच्याशी त्याच्या आईच्या भाषेत बोलणारं कोणी नाही. तो मराठी असेल, तेलुगू असेल, भोजपुरी किंवा बंगाली असेल. त्याचा धर्म विचारू नका. त्या कोळी नाखव्याने विचारला नव्हता.



विश्वस्त मंडळाचे आवाहन

डॉक्टरसाहेबांच्या भाषणानंतर त्याच संध्याकाळी रुग्णभेटीसाठी काही सभासदांनी नावे दिली. या उपक्रमात महिन्यातून दोन वेळा, रुग्णालयाच्या भेटीच्या वेळेत आणि तेथील कर्मचाऱ्यांच्या परवानगीने, रुग्णाच्या मातृभाषेत त्याच्याशी बोलायचे आहे. औषधोपचाराबाबत कोणताही सल्ला द्यायचा नाही. मराठीबरोबरच तेलुगू, तमिळ, बंगाली, भोजपुरी, नेपाळी किंवा अन्य भाषा येणाऱ्यांची विशेष गरज आहे. स्वयंसेवकांनी आपल्याला येणाऱ्या सर्व भाषा मंदिर कार्यालयातील नोंदवहीत लिहाव्यात.

आजारी कामगारांना मायदेशी पाठवण्यासाठीच्या मदत निधीत ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी कार्यालयात पावती घेऊनच रक्कम द्यावी. वापरात नसलेल्या चांगल्या स्थितीतील व्हीलचेअर, वॉकर आणि कुबड्याही स्वीकारल्या जातील. शुक्रवारचा मराठी वर्ग सर्वांसाठी विनामूल्य आहे. आजी-आजोबांनी येऊन गोष्टी सांगाव्यात, ही मुलांची मागणी आहे.